ओढ्यात उतरणारी बाई

दुपारी आमच्या घरात ‘डुबुक’ असा आवाज यायचा आणि मी हातातलं काम टाकून मोरीकडे धावायचे. दुष्काळाचं वर्ष, शहराच्या कडेला सातारा परिसरातला तिसरा मजला, नळ नुसता शोभेला आणि टँकर आला तर आला. अशा घरात पाण्याचा आवाज म्हणजे कुणीतरी बादली लवंडली, असंच वाटणार ना? बादली आपल्या जागी असायची. आवाज माझ्या सासूबाईंच्या हातातल्या मोबाइलमधून आलेला असायचा.

सासूबाई म्हणजे भागूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गंगापूरकडच्या आमच्या गावात विहीर आटली, दावणीची जनावरं पाहुण्यांकडे गेली, तेव्हा माझा नवरा गोकुळ त्यांना इकडे घेऊन आला. पाऊस पडला की परत सोडतो, असं कबूल करून आणलं होतं. पाऊस कसला पडतोय! आत्याबाई खिडकीत बसून राहायच्या. समोर शेतं होती तिथं इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीच्या फलकावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. आत्याबाई ते चित्र बघत बसायच्या, बोलायच्या कमी आणि जेवायच्या त्याहून कमी. ही बाई बसल्या बसल्या विरून जाईल, अशी मला खरंच भीती वाटायची.

गोकुळ वाळूजच्या एका कारखान्यात संगणकावर सुट्या भागांची चित्रं काढतो. मायला घरी नेता येत नाही तर घरच मोबाइलमध्ये आणू, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं गेम केला, ‘घर गाठ’. हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर गाठोडं घेतलेली एक छोटीशी बाई फाट्यावर एसटीतून उतरते. बांध, दगड, बाभळीचे काटे यांवरून उड्या मारत गावाकडे निघते. शेवटी दुथडी भरलेला ओढा लागतो. पलीकडे लिंब, आणि लिंबाखाली आमचं दार. दाराशी पोचलं की जिंकलं.

चित्रं सुरेख होती, नाही म्हणणार नाही. पण खेळ? देवा रे! उडीचं बटण दाबलं की बाई आधी विचार करायची, मग उडी मारायची. तोवर काटा लागलेला असायचा. थांबवावं तर घसरत पुढं जायची आणि दगडावरून खाली पडायची. गोकुळनं मोठ्या हौसेनं तो सगळ्यांसाठी खुला केला आणि लोकांनी त्याची बिनपाण्यानं हजामत केली. ‘बाई उडी मारते की उडीसाठी अर्ज करते?’ असं एकानं लिहिलं होतं. मी खो खो हसले. मग गोकुळचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली.

आत्याबाई मात्र तो गेम सोडायला तयार नव्हत्या. कापूस वेचून वेचून त्यांचा अंगठा इतका राठ झाला होता की काचेला तो कळायचाच नाही. मग त्या अंगठा जिभेला लावून ओला करायच्या. पडदे ओढलेली खोली, बाहेर रणरणतं ऊन, वर पंख्याची घरघर, आणि आत्याबाई हळूहळू गावाकडे निघालेल्या. काटे चुकवत, बांध चढत त्या नेमानं ओढ्यापर्यंत पोचायच्या. मग डुबुक. बाई पाण्यात जायची आणि पुन्हा फाट्यावर उभी राहायची.

“माय, आज पोचलीस का गं?” गोकुळ कामावरून आल्या आल्या विचारायचा.

“नाय रे बाबा,” त्या म्हणायच्या.

त्याचा चेहरा पडायचा. आपल्या गचाळ बटणापायी आई दाराजवळून परत जाते, हे त्याला सहन होत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तो संगणकाला चिकटला तो उठेचना. फराळसुद्धा तिथंच. पण उडी त्यानं सुधारली. मी खेळून बघितलं. बोट लागताच बाई अलगद उडाली, ओढ्यापलीकडे उतरली, लिंबाची पानं हलली आणि दार उघडलं. मी टाळ्या वाजवल्या.

मग मोबाइल आत्याबाईंच्या हातात दिला. त्या ओढ्याशी आल्या, उडी मारली आणि पलीकडे पोचल्या. गोकुळ आनंदानं ओरडलाच. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईला मागं वळवलं, उडी मारून पुन्हा अलीकडे आणलं आणि उडीच्या बटणाला न शिवता सरळ पाण्यात चालवत नेलं. डुबुक.

“माय! उडी मारायची ना! आता बटण चालतंय की!”

“बटण आधी बी चालत व्हतं.”

“मग?”

“ओढ्यावरनं उडी मारून घरला जात असत्यात व्हय रे? पाण्यात उतरायचं, पाय भिजवायचे, डोळ्याला पाणी लावायचं, मंग वर चढायचं. गावात नांदायला आले तवापास्नं मी असंच करते. तुझी बाई पाण्यात उतरली की मरती, त्याला मी काय करू?”

मला माझं लग्न आठवलं. ओढ्यात नुसती वाळू होती, तरी गाडी थांबवून आत्याबाईंनी मला खाली उतरवलं होतं आणि तांब्यानं माझे पाय भिजवले होते. मी शहरात, भर गुलमंडीत वाढलेली, मला सगळ्याची गंमत वाटली होती. गोकुळनं ओढा काढला तो लहानपणी पाहिलेला. पण गेममध्ये पाण्यात पडलं की मरायचं, हे त्यानं शहरात शिकलेलं.

पुढच्या रविवारी त्यानं ओढ्यातलं मरण काढून टाकलं.

आत्याबाईंनी बाईला पाण्यात उतरवलं. पाणी गुडघ्याला लागलं. बाई उभी राहिली, तिच्याभोवती बारीक लाटा हलत होत्या. तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला आणि मी बादल्या घेऊन पळाले. भरलेल्या बादल्या ओढत वर आले, तरी बाई ओढ्यातच होती.

“माय, चल ना पुढं,” गोकुळ हळूच म्हणाला. “दार समोरच आहे.”

माझं लक्ष आत्याबाईंच्या पायांकडे गेलं. कोरड्या फरशीवर बसून त्यांनी आपलं लुगडं घोट्यांच्या वर उचलून धरलं होतं. मला रडू आवरेना.

“जाते की,” त्या मोबाइलवरची नजर न काढता म्हणाल्या. “पाणी हाय तवर जरा उभी ऱ्हाऊ दे.”