दुपट्ट्याखालचे चार आणे

माझा नवरा गोंदियाच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, डाळदाण्याचा दलाल होता. दलाल म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. माझ्या माहेरीही केलं होतं. पण दलाल नसता तर राजनांदगावकडून लाखोळीचं कडधान्य घेऊन आलेला माणूस आणि नागपूरला डाळ पाठवणारा मिलवाला दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसले असते. दोघांच्या मधे हात घालणारा कोणीतरी लागतोच, आणि तो हात माझ्या नवऱ्याचा होता.

हात घालणं म्हणजे खरोखरच हात घालणं. तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता, नागपूर राजधानी होती आणि भाव मोठ्याने बोलायची पद्धत गंजात नव्हती. दलाल आपला उजवा हात पुढे करायचा, त्यावर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि घेणारा त्या दुपट्ट्याखाली हात घालून त्याची बोटं धरायचा. अंगठ्याजवळचं बोट धरलं की एक आणा. दोन बोटं धरली की दोन, तीन धरली की तीन. करंगळीसकट धरली की चार, आणि अंगठा धरून अख्खा पंजा दाबला की पाच. मग विकणारा तसाच हात घालून आपला आकडा सांगायचा. दोन्ही आकडे जुळले की दलाल दुपट्टा झटकायचा आणि सौदा झाला. बाजूला उभ्या असलेल्यांना काही कळत नसे आणि कळू द्यायचंही नसे, कारण पुढचा सौदा वेगळ्या भावाने व्हायचा असे.

लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. मी एकदा विचारलं, "मनभर डाळीले इतके रुपये पडतेत आन् तुमी आन्यासाठी दुपट्टे कायले झाकता?"

त्यांनी मला सांगितलं की रुपये आपल्या हातात नसतात. लाखोळी आपल्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत होते, धान उभा असतानाच ओल्या मातीत फेकतो आणि फाल्गुनात उपटतो, तूर आपल्या धुऱ्यांवर, खाचरांच्या बांधांवर होते, पण भाव मात्र नागपूरहून तारेने येतो. त्यातून रेल्वेचं भाडं, बारदाना आणि हमाली वजा करा, म्हणजे गोंदियाचा भाव निघतो. तिकडे राजनांदगावचा भाव घ्या, त्यात गोंदियापर्यंतचं भाडं मिळवा, म्हणजे विकणाऱ्याचा भाव निघतो. या दोन भावांमध्ये जी दोनचार आण्यांची फट उरते तेवढीच आपली.

"आन् नागपूरचा भाव बसला तर?" मी विचारलं.

"तर माल छोट्या लाइनीनं जबलपूरले जाते. नाहीतर कलकत्त्याकडं."

मला ते बांध्यांसारखं वाटलं. वरच्या बांधीत पाणी फुगलं की धुरा फोडतात आणि खालची भरते, कोणतीच बांधी फार वेळ कोरडी राहत नाही. हे मी बोलून दाखवलं तर ते खूश झाले आणि चार दिवस गंजात सगळ्यांना सांगत सुटले. स्वतःचं म्हणून सांगितलं, ते सोडा.

डाळींचंही तसंच होतं. तूर महागली की लाखोळी तिच्यामागून चढायची, हरभरा जरा उशिराने. घरात थोरली जाऊ रुसून माहेरी गेली की धाकटीची विचारपूस सुरू होते, तसं काहीसं. मी धाकटीच होते, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

एका पौषात त्यांचा हात मिलच्या पट्ट्यात गेला. दोष मिलचा नव्हता. चालत्या पट्ट्याजवळ वाकून डाळीचा नमुना घ्यायची घाई यांनाच झाली होती. उजव्या हाताची करंगळी मुळापासून गेली. बाकी हात वाचला, आणि सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला. मीही मनात म्हटलं, करंगळीवर निभावलं. करंगळीने माणूस जेवत नाही, लिहीत नाही, बैल हाकत नाही. दलालाला मात्र ती लागते, हे आम्हाला पट्टी सुटल्यावर कळलं.

पट्टी सुटल्यावर पहिल्याच सौद्यात घोळ झाला. मिलवाल्याने तीन बोटं धरली. राजनांदगावच्या व्यापाऱ्याने हात घातला आणि सवयीने करंगळीसकट चार धरायला गेला. करंगळीच नाही, तर धरणार काय? यांना तीनच बोटं धरल्यासारखी वाटली. यांनी दुपट्टा झटकला आणि तीनवर सौदा पक्का केला. व्यापारी तिथल्या तिथे उसळला, "मैंने चार दिया था, भैया." दुपट्ट्याखालच्या सौद्याला साक्षीला कोण येणार? यांनी मधला आणा आपल्या दलालीतून भरून दिला आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले.

बातमी गंजात पसरायला दुपार लागली नाही. याच्या हातात आता तीन आणि चार एकच आहे, असं लोक म्हणू लागले. कोणी हिडीसफिडीस केलं नाही, उलट सगळे फार गोड बोलत होते, आणि तेच मला जास्त झोंबलं. चहा पाजायचे, हाताची चौकशी करायचे आणि सौद्यासाठी दुसऱ्या दलालाकडे जायचे.

मग यांनी डावा हात पुढे केला. त्यावर कोणी हातच ठेवेना. एका म्हाताऱ्या सेठने दुपट्ट्यापर्यंत आणलेला हात मागे घेतला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बेटा, उल्टे हाथ से सौदा नहीं होता." त्या माणसाचा मला अजूनही राग येत नाही. त्याच्या बापाने त्याला तसं शिकवलं होतं.

मिलवाल्याने वजनकाट्यावर बसायचं काम देऊ केलं. पोती मोजायची आणि महिन्याला ठरलेला पगार घ्यायचा. सासूबाई लगेच तयार झाल्या. "बाबू, बसून काम हाये. कायले नाही म्हनतं?" पोटाचा प्रश्न त्याने सुटला असता, हे मलाही कळत होतं. पण माझा नवरा गंजातून आला की त्याच्या अंगाला बालाघाट, रायपूर, नागपूर सगळ्यांचा वास यायचा. कोणाकडे हरभरा बसला, कुठे तुरीवर धुकं पडलं, हे सांगताना त्याला ताटातलं भान नसायचं. तो माणूस काट्याजवळ बसून पोती मोजू लागला असता तर वर्षभरात म्हातारा झाला असता. मला तो तसा नको होता. यांनी मिलवाल्याला होळीपर्यंत थांबायला सांगितलं. होळीनंतर लाखोळीच्या गाड्या गंजात उतरायला लागतात आणि वर्षाची खरी दलाली तेव्हाच होते.

एका संध्याकाळी दिवाबत्ती करून मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अजी, द्या हात."

"कायले?"

"सौदा कराचा हाये."

ते हसले, पण हात दिला. मी खुंटीवरचा दुपट्टा घेऊन वर टाकला. सासूबाई कोपऱ्यात तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांच्या देखत नवऱ्याचा हात धरायची माझी ती पहिली वेळ, आणि दुपट्टा होता म्हणून जमलं. मी एक बोट धरलं, दोन धरली, तीन धरली. ते आकडा सांगत गेले. मग माझी बोटं करंगळीच्या जागेवर गेली. तिथे नवी, गुळगुळीत, जरा गरम कातडी होती. मी ती दाबली.

त्यांनी खालचा ओठ दातांत धरला आणि हात ओढून घेतला.

"दुखते का?"

"नाही."

"मंग हात काऊन ओढला?"

ते दुपट्ट्याची घडी घालू लागले. मग म्हणाले, "लोकाईले कसंनुसं वाटंन."

"मले नाही वाटलं."

"तू घरची हायेस."

"घरचीले जास्त वाटते," मी म्हणाले. "लोकाईले आपल्या आन्याशी मतलब. तुमी हात लपवून ठेवता म्हून ते बाकी बोटाईले हात लावाले भेतेत. उघडून दाखवा. चार सांगाचे असन त इथी दाबा म्हना."

कोपऱ्यातला सुपाचा आवाज थांबला. सासूबाई म्हणाल्या, "भाव फुटला का नाही वो अजून? भाकरी थंडी होऊन राहिली." मला वाटलं होतं की त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत, आणि काट्याच्या नोकरीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

त्यानंतर रोज दिव्याच्या उजेडात आमचा बाजार भरायचा. मी चार दाबायची आणि ते ओठ दातांत धरायचे. हात मात्र ओढत नव्हते.

होळी झाली. लाखोळीच्या गाड्या आल्या त्या दिवशी मी सासूबाईंना मीठ-मिरची आणायच्या निमित्ताने गंजाच्या तोंडाशी घेऊन गेले. बिरसी गावाकडच्या बैलगाड्या उभ्या होत्या, आणि तोच राजनांदगावचा व्यापारी वॅगनभर माल उतरवून बसला होता. माझ्या नवऱ्याने त्याच्यासमोर उजवा पंजा उघडा धरला. असा उघडा हात गंजाने पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण आजूबाजूचे हमालसुद्धा थांबले. यांनी करंगळीच्या जागेवर बोट ठेवून काहीतरी सांगितलं. व्यापाऱ्याने त्या हाताकडे पाहिलं, मग यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि धोतराला हात पुसून म्हणाला, "डाल कपड़ा."

दुपट्टा पडला. आधी मिलवाल्याने हात घातला. यांचं तोंड दगडासारखं होतं. मग राजनांदगावच्याने हात घातला. पुन्हा मिलवाल्याने घातला. माझ्या हातातली मिठाची पुडी ओली झाली होती. आत काय चाललंय हे त्या अख्ख्या गंजात तिघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने खालचा ओठ दातांत धरला.

मग दुपट्टा झटकला गेला. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "चार आने."

"तुले कोन सांगतलं?"

"चला, मिरच्या घ्याच्या हायेत," मी म्हणाले. रडू येत होतं आणि भर बाजारात रडायचं नव्हतं.

घरी जेवायला वाढताना मी विचारलं, "चारनं गेली ना?" त्यांचा घास हातातच राहिला. कोण बोललं, मिलवाला बोलला का, असं विचारू लागले. मी सांगितलं की तुमच्याच ओठाने सांगितलं. ते खुदकन हसले आणि पुढच्याच क्षणी घाबरले. मला कळलं तर उद्या साऱ्या गंजाला कळणार. ज्याच्या तोंडावर भाव दिसतो त्याच्याकडे कोण येईल?

मग संध्याकाळचा बाजार पुन्हा सुरू झाला. आता मी जोरात दाबायची आणि सासूबाई दिवा त्यांच्या तोंडाजवळ धरून बघायच्या. "हालला," त्या म्हणायच्या. "पुन्ना." त्या म्हातारीइतका कडक परीक्षक मी पाहिलेला नाही. कधीकधी आम्ही तिघंही हसत सुटायचो आणि भाजी करपायची.

चैत्रात मी पुन्हा मिठाच्या दुकानाशी उभी राहिले. आता यांच्याकडे चार माणसं वाट पाहत होती. दुपट्टा पडला, हात आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मी डोळ्याची पापणी न हलवता त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. तोंडावर काही नव्हतं. दुपट्टा झटकला गेला आणि भाव काय निघाला हे मला कळलं नाही. तिथे उभ्या असलेल्या कोणत्याही परक्या बाईइतकंच मला कळलं. आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी पाण्याचा तांब्या देताना मी विचारलं, "आज काय निंगाला?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. एक, दोन, तीन, चार. भाव सांगून झाला होता, तरी माझी करंगळी त्यांनी लवकर सोडली नाही.