गोठू द्यायचं नाही

म्हाळू दूध संघाचा टँकर चालवी. आष्टी तालुक्यातलं दूध कड्याहून मुंबईला न्यायचं. गावोगाव चारा छावण्या पडल्या, त्या उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आलं, पण त्याची खेप चुकली नाही. आपल्या हातून दूध कधी नासलं नाही, हे तो न विचारता सांगे.

त्याची सहा वर्षांची मनकर्णा मात्र वाळत चालली होती. हातपाय काड्यांसारखे, पोट डाव्या अंगानं फुगलेलं. आजी छबुबाईनं चाचपून पाहिलं.

"पाणथरी वाढलीय. सटवाला बोलवा."

सटवा विळा लाल करून पोटावर डाग देई. छबुबाईच्या दिराला लहानपणी सटवाच्या बापानं डागलं होतं आणि तो जगला होता. पोरीची आई केशरबाई सासूपुढं बोलली नाही. नवऱ्याला म्हणाली, "लेकराला विळा लागला तर मी हितं ऱ्हात न्हाई."

म्हाळूनं आईकडून ऐतवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि पोरीला नगरला नेलं. डॉक्टरही पाणथरीच, म्हणजे प्लीहा, वाढल्याचं म्हणाले. ती कशानं वाढली ते मात्र त्यांना शोधायचं होतं.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक एन्झाइम असतं. अंगातली जुनी चरबी ते मोडतं. तुमच्याकडं दुधाचा कूलर धुणारा आलाच नाही तर काय होईल?"

"साय चढत जाईल."

"तसंच हिच्या पाणथरीत चढतंय, असा संशय आहे. ते एन्झाइम किती आहे, हे मुंबईत मोजतात."

टँकर संध्याकाळी मुंबईलाच निघणार होता. डॉक्टरांनी रक्ताची नळी म्हाळूच्याच हाती दिली. "गार ठेवा, पण गोठू देऊ नका."

अंगाबाहेर आलं की रक्त गोठतं, एवढं म्हाळूला ठाऊक होतं. दूध उन्हानं नासतं, तसं रक्तही उन्हानंच गोठत असणार. त्यानं नळी डब्यातल्या बर्फात पुरली आणि बर्फ आणखी गार व्हावा म्हणून वर मूठभर खडेमीठ टाकलं. ढाब्यावर भेटलेल्या महारुद्र ड्रायव्हरनं डब्यात डोकावून विचारलं, "कुल्फी लावली का बे?"

शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. नमुना पार बर्फ झाला होता, पेशी फुटल्या होत्या. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अहो, गोठू देऊ नका म्हटलं होतं ना?"

"गोठू न्हाई म्हणूनच तर बर्फ लावला, साहेब."

"बर्फ होऊ देऊ नका, असं म्हणायला हवं होतं मी. पुन्हा काढू."

ऐतवारी सटवा आला. विळा चुलीत गेला. केशरबाई पोरीला कवळ्यात धरून दारात उभी राहिली.

"रिपोट आला का?" छबुबाईनं विचारलं.

"न्हाई, माय. रक्त माझ्याच हातानं नासलं. परत काढावं लागतंय."

"सुईवाल्याचं असंच असतंय, आक्का," सटवा म्हणाला. "लेकराचं रक्त बी गेलं, अन् हाती काय?"

छबुबाईनं लेकाकडं पाहिलं. "तुझ्या हातानं नासलं?"

"व्हय."

"मंग एक घागर नासली म्हणून कुणी म्हस इकतं का?" ती सटवाकडं वळली. "च्या पी अन् जा बाबा. छावणीत लई जनावरं हायेत डागायला."

दुसऱ्या खेपेला नळी कोऱ्या मडक्यात ठेवली आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. पाण्याचा टँकर चार दिवसांआड येत होता. वाटेत फडकं भिजवायला छबुबाईनं आपल्या वाट्याचा तांब्या म्हाळूच्या हाती दिला.

रिपोर्ट आला. एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. आजाराला नाव मिळालं. उपचार मुंबईत होता, तो मिळवायला खटपट करावी लागणार होती. डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही.

"म्हंजी डागून उतरलं नसतं?" छबुबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मंग तुझ्या चुलत्याची कशी उतरली?"

"डॉक्टर म्हनले, त्यांची हिवतापानं सुजली आसंल. ताप गेला की उतरतीया."

पोरगी बाजेवर झोपली होती. छबुबाईनं तिचा झगा वर सारला आणि फुगल्या पोटावरून हात फिरवला. कातडं ताणलेलं होतं, पण त्यावर कुठं डाग नव्हता.