मेचोच्या वाटणीचा बर्फ

दोब्रिंकाने दह्याचा डबा सिंकच्या कडेवर दणादणा आपटला. आतला बर्फ हलेना. मग नळाखाली धरला, बुडाला अंगठा दाबला, तेव्हा कुठे गोळा सुळकन ताटलीत पडला. मधोमध गाजर खोचलेलं, दांडीसारखं.

ताटली घेऊन ती जिने उतरली. अंगणात शारा आडवी पडली होती, बिल्डिंगची कुत्री, कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. दोब्रिंका गुडघ्यावर हात टेकत बसली आणि फोन शाराच्या तोंडाला टेकेल इतका जवळ नेला.

"चाट गं बये. नुसती जीभ दाखव, थोबाड नको."

शारा तांबडी, मेचो काळा. म्हणून नुसती जीभ. व्हिडिओ जर्मनीला पोराकडे गेला, खाली दोब्रिंकाने लिहिलं: मेचो खातोय, तुझी वाट बघतोय.

मेचो, तिचा म्हातारा कुत्रा, एप्रिलमध्येच मेला होता. नदीकाठी वाळुंजाच्या झाडाखाली तिने एकटीने खड्डा खणला, एकटीने बुजवला.

बर्फ ही कालोयानची, तिच्या पोराची आयडिया. मेचो पिल्लू होता तेव्हा हिरड्या शिवशिवायच्या, चपला फाडायचा. कालोयानने हाडं उकळली, मीठ नाही, कांदा नाही, वरची चरबी काढून टाकली, त्यात दही कालवलं आणि डबा फ्रीझरमध्ये. पुढे मेचोचे दात पडले, तरी बर्फ चालू राहिला. पोरगा जर्मनीला गोदामात कामाला गेला, बर्फ चालू राहिला. पोरगा दर उन्हाळ्याला येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. यंदा मात्र फोनवर म्हणाला होता, "आई, ऑगस्टला नक्की. मेचो म्हातारा झालाय, आहे तोवर त्याला भेटून घेतो."

आता सांगा, काय करेल ती? आमच्या या विदिन गावातल्या निम्म्या आया अशाच खिडकीत बसल्यात. आईसाठी कोण येतं? आई काय, असतेच. कुत्रं म्हातारं होतं.

आणि मग जुलैत तो कागद लागला.

आमच्यात माणूस गेला की बिल्डिंगच्या दारावर त्याचा फोटो छापून चिकटवतात. तळमजल्यावरच्या गेन्चोकडे प्रिंटर आहे, आख्ख्या बिल्डिंगचे मेलेले तोच छापतो. त्या सकाळी दोब्रिंका पाव घेऊन आली, तर दारावर मेचो. पिल्लू मेचो, तोंड दह्याच्या डब्यात अडकलेलं. खाली लिहिलेलं: आमचा मेचो गेला. घरची माणसं.

तिने कागद ओरबाडला. चारी कोपरे दारालाच राहिले. तशीच गेन्चोच्या दारावर बुक्क्या.

"मुडद्या! कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, शांत हो. आख्ख्या बिल्डिंगचा कुत्रा होता तो."

"तुझ्या बायकोचा कागद वर्षभर लावला नाहीस आणि माझ्या कुत्र्याचा पुळका?"

"तिने फोटोच काढू दिला नाही कधी," गेन्चो म्हणाला. "जा आता, पाव गार होईल तुझा."

फोटो आला कुठून, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. डोक्यात एकच. दारावरचं कुणी तरी आधीच फोनमध्ये काढलं असेल, ते कालोयानपर्यंत जाईल, आणि पोरगं येणार नाही. त्या दिवसापासून ती खुळ्यासारखी बर्फच करत सुटली. फ्रीझरमध्ये मटार ठेवायलाही जागा उरली नाही.

ऑगस्टात कालोयान आला. बॅग खांद्यावर, केस पातळ झालेले. दारावरच्या कागदाच्या एका कोपऱ्याला त्याने नख लावलं, मग वर आला.

"मेचो ना," दोब्रिंकाने दारातच सुरू केलं, "मेचो जरा खाली..."

"भूक लागलीय, आई."

भरल्या मिरच्या खाल्ल्या. दुसऱ्यांदा घेतल्या. मग त्याने उठून फ्रीझर उघडला. नुसते डबे. मग एक डबा काढला आणि खाली गेला. ती मागोमाग, कठड्याला धरून.

त्याने डबा पायरीवर आपटला, गोळा शारापुढे ठेवला. "घे गं. देव मेचोला माफ करो."

मेलेल्याच्या नावाने काही खायला वाटलं की आमच्यात असंच म्हणतात. दोब्रिंका पायरीवर बसली.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच व्हिडिओत. मेचोच्या जिभेवर काळा डाग होता, आई."

"मग आलास कशाला?"

"अजून एक डबा आण," तो म्हणाला. "ते दुसरं कुत्रं बघ, कसं टक लावून बसलंय."

पंधरा दिवस राहिला. रोज संध्याकाळी दोघं पायरीवर बसायची, मधे ताटली. फ्रीझर रिकामा झाला आणि तो गेला. दोब्रिंकाने दुसऱ्या दिवशी परत हाडं उकळायला टाकली.

गेन्चोशी ती अजून धड बोलत नाही. आणि तो मूर्ख गप्प शिव्या खातो. द्राक्षं तोडायच्या दिवसांत मात्र वाइन जास्त झाली आणि आमच्यापुढे त्याच्या तोंडून निघून गेलं: तो फोटो आणि ती ओळ जर्मनीहून आली होती. कालोयान म्हणाला होता, "माझं नाव सांगू नका काका. पण आईला आता खोटं बोलायला लागू नये." बसचं तिकीट त्याने तो फोटो पाठवायच्या आधीच काढून ठेवलं होतं.