गोड्या पाण्याची डाळ

शेजारची शेठाणी उकळत्या डाळीतला एक दाणा पळीने उचलायची, बोटांच्या चिमटीत दाबायची आणि म्हणायची, "हवे चडशे." म्हणजे आता शिजेल. दाणा काही चिमटीत दबत नसे. ती चुलीत आणखी एक लाकूड सारायची.

अकोल्यात मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा, आणि मळ्याच्या कुंपणाला लागून तिच्या नवऱ्याचं नवं घर. शेठ गुजरातेतून आलेला कापसाचा दलाल. दूर परमुलखात कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि इथे कापसाला असा भाव आला होता की काल फाटकं नेसणारे आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होते. शेठनेही घर बांधलं, अंगणात विहीर खणली. पाणी लागलं ते खारं. आमच्याकडे यात नवल नाही. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ जन्मात शिजत नाही, म्हणून वऱ्हाडातली बाई वरणापुरती एक घागर गोडं पाणी लांबून का होईना, आणतेच. पण शेठला हे सांगायचं कोणी? आपल्या विहिरीचं पाणी अमृत आहे, असं तो बाजारभर सांगून बसला होता.

तिला बिचारीला वाटायचं, आपल्याच हाताला चव नाही. माहेरी नदीच्या पाण्यात डाळ बोलता बोलता शिजे. इथे तिने सगळं करून पाहिलं. डाळ आधी भिजवली, आमसूल शेवटी घातलं, रवीने घुसळून हात सुजवून घेतले. तरी वाटीत वर पाणी आणि तळाशी खडे.

दुपारी शेठ जेवायला बसला की आमच्या घरातलं बोलणं थांबे. तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल. वाटी भिंतीवर आदळली की पुढचं न बघताच कळतं. एकदा तिच्या दंडाच्या मागच्या बाजूला पळीचा डाग दिसला. "भाजलं," ती म्हणाली. तिथे कोण स्वतःला भाजून घेतं? माझं डोकं तडकलं.

माझ्या सासूने तिला कुंपणापाशी गाठलं. "काहून मार खाऊन राह्यली वं? आमची हीर नदीकाठची, पानी गोडं हाय. थे ने, मंग पाय."

सकाळी शेठ बाजारात गेला की ती तिचाच दोर, तिचीच घागर घेऊन येऊ लागली. पहिल्या दिवशी डाळ शिजली तेव्हा ती वाटी घेऊन धावतच आली. पातळ, पिवळीधमक, वर राई, कढीलिंब, शेंगदाणे. सासूने घोट घेतला. "ह्यात गूळ हाय वं माय! हे वरन हाय का खीर?" असं म्हणत तिने वाटी भाकरीने पुसून साफ केली. शेठाणी इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. हसताना मी तिला प्रथमच पाहत होते.

कुंपणापलीकडची आदळआपट थांबली. इथेच सगळं संपलं असतं. पण एक दिवस शेठ मिशीवर हात फिरवत माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "मार खाये बिना औरत नहीं सीखती, माळीबुवा. अब देखो, क्या दाल बनाती है!"

तिने ते आतून ऐकलं. मार सोसला होता, हे तिला सोसलं नाही. "बेन," ती मला म्हणाली, "तो बोलते, मारानं डाळ शिजली. मी त्याला दाखवते."

शेठचे काका आणि चार जातभाई जेवायला येणार होते. तिने दोन चुली पेटवल्या. एकाच डब्यातली डाळ, सारखाच जाळ. एका पातेल्यात शेठच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आमच्या. मग दोन्ही वाट्या काकांपुढे ठेवून ती घुंगटातून सगळं सांगून मोकळी झाली. काकांनी दोन्हींतला दाणा दाबून पाहिला आणि मोठ्याने म्हणाले, "कुवो खारो छे. वहुनो वांक नथी." विहीर खारी आहे, सुनेचा दोष नाही. जातभाई खो खो हसले. शेठही हसला.

पाहुणे गेले आणि किंकाळी आली. सासरे कुंपण तोडूनच आत घुसले, मागे सासू हातात खुरपं घेऊन, मागे मी. दोन्ही पातेली उपडी पडली होती. त्या चिखलात ती बसलेली, आणि शेठच्या हातात पाट्यावरचा वरवंटा. तिचं उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं.

"मारून टाकतं का रे तिले, कसाया?" सासू ओरडली.

"मारूं घर छे," शेठ म्हणाला. माझं घर आहे. सासऱ्यांनी वरवंटा हिसकावून अंगणात भिरकावला आणि शेठची मान धरून त्याला भिंतीशी दाबला. मला तेव्हा वाटलं, सोडू नये. आजही तसंच वाटतं.

हाडवैद्याने हात बांधला, पण बोटं वळेनात. तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. छकड्यात चढताना तिने डाव्या हाताने माझा गाल कुरवाळला. पुढे तिची काहीच खबर आली नाही. ती मला फार आठवते.

पुढच्या हंगामात शेठने दुसरी बायको केली. या खेपेला त्याने गुपचूप आमच्या विहिरीवर पाण्याला गडी लावला. पाणी नाकारलं तर मार त्या पोरीलाच बसेल, म्हणून आम्ही अडवलं नाही. एके दिवशी गडी आला नाही, म्हणून ती नवी पोर स्वतःच घागर घेऊन आली. घागर वर ओढून घेता घेता सहज म्हणाली, "पहिलीला डाळ येत नव्हती म्हणे."

मी म्हटलं, "येत होती. तिचा हात मोडला, तवा हे पानी तुह्या घरात आलं, माय."

तिने भरलेली घागर खाली ठेवली. डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि कुंपणापलीकडच्या घराकडे पाहत उभी राहिली.