तीन गोलांच्या आत

सिद्धलिंगप्पा बिराजदारांनी एकोणतीस वर्षं एस.टी. चालवली आणि एकदाही गाडी कुणाच्या अंगावर घातली नाही. घरात मात्र एका वाक्यात त्यांनी सगळं घालवलं. अक्कलकोटला पुतणीच्या लग्नात, पंगत उठत असताना, भावकीच्या देखत ते आपल्या एकुलत्या एका मुलाला म्हणाले, "तू माझा मुलगाच नाहीस."

शरणबसवनं पुण्यातली नोकरी न विचारता सोडली होती, एवढंच कारण. तो वाढपाला उभा होता. हातातला पाण्याचा जग त्यानं सावकाश खाली ठेवला, मंडपाबाहेर पडला, आणि परत आला नाही.

त्याला चौदा महिने झाले होते. त्याचा फोन बंद. पुण्यातली खोली सोडलेली. मित्रांना विचारलं की "बरा आहे काका" एवढंच उत्तर, आणि कुठं आहे म्हटलं की सगळे गप्प. त्याची आई सुंदरम्मा आधी रडायच्या. मग रडणं थांबलं आणि बोलणंही थांबलं. फोन मात्र त्या न्हाणीघरातसुद्धा घेऊन जायच्या, खिडकीत ठेवायच्या, आणि अंगावर पाणी घेताना मध्येच तांब्या थांबवून कानोसा घ्यायच्या. जुळे सोलापुरातल्या त्या घरात नवरा-बायको कानडीत जेवढ्यास तेवढं बोलत. सिद्धलिंगप्पांना वाटायचं, हिनं एकदा तरी आपल्याला शिव्या घालाव्यात. तेही ती करत नव्हती.

शेजारची वैजयंती शरणच्या वर्गात होती. आता कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. एके दिवशी फाटकापाशी तिनं त्यांना थांबवलं.

"काका, मी सांगितलं म्हणू नका. शरण दर रविवारी दुपारी फुटबॉल खेळतो."

"कुटं?"

"मैदानावर नाही. व्हिडिओ गेम. ऑनलाइन एक रूम उघडतो, त्यात कुणीही येऊन त्याच्याशी सामना खेळू शकतं."

"मग मी जातो की."

"तुम्हाला खेळता येतं?"

"शिकतो."

वैजयंतीनं अटी सांगितल्या. त्याच्या रूममधलं हवामान कायम एकच, जोरदार पाऊस. कोरड्या मैदानावर नुसती बोटं चपळ असली तरी माणूस जिंकतो, पावसात डोकं लागतं, असं तो म्हणायचा. दुसरी अट अशी, की जो तीन किंवा जास्त गोलांनी हरेल त्याचं नाव तो कायमचं बंद करतो. नवख्यांसाठी त्याच्याकडे वेळ नव्हता.

शरणचा जुना गेमचा डबा कपाटावर होता. वैजयंतीनं तो टीव्हीला जोडला, 'प्रवासी' असं नाव घातलं, बटणं दाखवली. पुढच्या रविवारी सिद्धलिंगप्पा आंघोळ करून, विभूती लावून टीव्हीसमोर बसले. पडद्यावर पाऊस कोसळत होता, आणि लाल शर्टातली शरणची माणसं त्यांच्या निळ्या माणसांमधून आरपार जात होती. त्यांनी पळवलेला गडी घसरून पडायचा, ढकललेला चेंडू पाण्यात अडकायचा. सहा-शून्य. मग एक ओळ आली: तुम्हाला या रूममध्ये प्रवेश नाही.

सिद्धलिंगप्पांनी ती ओळ पुन्हा वाचली. मंडपात आपण पोराला जे म्हणालो तेच आता तो आपल्याला म्हणतोय, असं त्यांना वाटलं. आणि त्याला तर हे ठाऊकही नव्हतं.

वैजयंतीनं नवऱ्याच्या नंबरावर दुसरं नाव काढून दिलं. "काका, हे शेवटचं हं. माझ्याकडे आता नंबर नाही."

दोन महिने ते त्या रूमकडे फिरकले नाहीत. रोज सकाळी मशीनविरुद्ध खेळायचे, फक्त पावसात. बाहेर सोलापूरचं ऊन पत्रे तापवत असायचं आणि हे म्हातारे डोळे बारीक करून चिखलातला चेंडू बघत असायचे. बटणं बोटांना सापडेनात तेव्हा त्यांनी कंट्रोलर भिंतीवर आपटायला उचललाही होता. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. हा पाऊस ते ओळखत होते. रस्ता नुसता भिजला की गाडी घसरते आणि पाणी साचलं की ओढली जाते, चेंडूचंही तसंच. ओल्या गवतावर तो सुसाट निसटायचा, साचल्या पाण्यात जागीच मरायचा. मग जवळचे पास कशाला द्यायचे? चेंडू उचलून लांब टाकायचा. गडी वळवायचा असेल तर आधी वेग कमी करायचा. आडवं घसरून चेंडू काढायला जायचं नाही. गडी थांबत नाही, पुढच्याच्या पायात जातो आणि कार्ड मिळतं. चिखलात माणसं लवकर दमतात, म्हणून सुरुवातीला पळवायचं नाही. त्यांनी हे सगळं एका जुन्या डायरीत लिहून काढलं.

दुसऱ्यांदा ते रूममध्ये गेले तेव्हा सुंदरम्मा मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यातला आपला कोणता?" त्यांनी विचारलं.

"ते लाल. लाल सगळे शरण चालवतोय."

सुंदरम्मा खाली बसल्या.

मध्यंतरापर्यंत दोन-शून्य. अजून एक गोल झाला की दार कायमचं बंद. सिद्धलिंगप्पांनी सगळे गडी मागे घेतले. चेंडू आला की लांब भिरकावायचा, परत उभं राहायचं, एवढंच ते करत होते. सत्तराव्या मिनिटाच्या पुढे लाल माणसं जड पडू लागली. आता त्यांनी राखून ठेवलेला एक गडी सोडला आणि लांबूनच, खालून, जोरात मारलं. ओला चेंडू गोलकीपरच्या हातातून सुटला आणि आत गेला.

दोन-एक. हरले, पण आत राहिले. पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं उमटली. शरण लिहीत होता: 'छान खेळलास. पावसात असं कुणी खेळत नाही.'

सिद्धलिंगप्पांनी ते सुंदरम्मांना वाचून दाखवलं. दोनदा. आयुष्यात बापलेकांनी एकमेकांना छान म्हटल्याचं दोघांनाही आठवेना.

असे पाच रविवार गेले. एकदा बरोबरी झाली, बाकी वेळा हार, पण तीन गोलांच्या आत. शरण कधी एखादी ओळ लिहायचा, सिद्धलिंगप्पा नुसतं 'हो' टाइप करायचे. आणि दर रविवारी सामना संपला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं व्हायचं.

सहाव्या रविवारी सुंदरम्मा म्हणाल्या, "त्याला सांगा आता."

"सांगितलं तर हेबी जाईल. मग काय करायचं?"

"लाल शर्ट बघून माझं पोट भरंना. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

शरण गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं होतं. सामना अर्ध्यावर आला होता. सिद्धलिंगप्पांनी बटणांवरची बोटं काढली. त्यांची निळी माणसं पावसात जागच्या जागी उभी राहिली. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं: 'शरण, मी अप्पा. माझं चुकलं. तुझी आई बाजूला बसलीय.'

लाल माणूस चेंडू घेऊन गोलसमोर पोचला होता. समोर मोकळी जागा होती. तो थांबला. चेंडू पाण्यात पडून राहिला, बावीस माणसं नुसती उभी, आणि वरून पाऊस पडतच होता. सुंदरम्मांनी नवऱ्याचं मनगट धरलं. एक मिनिट गेलं असेल. मग पडदा काळा झाला. रूम बंद.

पुढच्या रविवारी ती उघडली नाही. त्याच्या पुढच्याही. वैजयंतीनं शोधलं; शरणनं ते नावच काढून टाकलं होतं. सिद्धलिंगप्पा तरीही दुपारी दोन वाजता टीव्ही लावून बसायचे. आपण दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पोरगं गेलं, हे त्यांनी मनाशी इतक्यांदा म्हटलं की जेवताना घास तोंडात तसाच राहायचा.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी सुंदरम्मा भाकरी थापत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. पिठाच्या हातानंच त्यांनी तो कानाला लावला, आणि मग भिंतीला टेकून खाली बसल्या. सिद्धलिंगप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्यांना पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. सुंदरम्मा "हां... हां बाळा..." करत होत्या. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी त्यांनी विचारलं, "अप्पांना देऊ?" आणि थोडं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं. बरं, राहू दे."

फोन बंद झाला. सिद्धलिंगप्पांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"पुढच्या मंगळवारी करतो म्हणाला," सुंदरम्मा म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "मलाच."

"असू दे." ते तिथंच फरशीवर, बायकोसमोर बसले. "आवाज कसा होता?"

सुंदरम्मांनी विचार केला. "थोडा बसलेला."

"सर्दी झाली असंल," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "पुढच्या वेळी विचार."