सरांचा फळ्यावरचा पत्ता

आमच्या जावा प्रोग्रॅमिंगच्या सरांना उदाहरण म्हणून एकच पत्ता सुचायचा, तो म्हणजे स्वतःच्या घराचा. पनवेल स्टेशनजवळच्या त्या क्लासात बॅचमागून बॅच आली नि गेली, पण फळ्यावरचं भेंडाळे गाव काही हललं नाही. पाठीमागे आम्ही त्यांना भेंडाळे सरच म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण एकदा एकजण चुकून तोंडावर तसं म्हणाला तर ते नुसते मिशीत हसले.

धडा स्ट्रिंगबफरचा असायचा. बफर म्हणजे हवा तेवढा खोडता-जोडता येणारा मजकूर. सर त्यात आधी आळी जोडत, मग गाव, मग तालुका पनवेल, आणि प्रत्येक तुकड्यापाशी जरा रेंगाळत. सगळं जमलं की टूस्ट्रिंग. त्यातून स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची पक्की प्रत निघते आणि तिच्यातलं एक अक्षरही पुन्हा बदलत नाही. दर तुकड्याला टूस्ट्रिंग करणारे उतावळे आमच्यात बरेच होते. एरवी शुद्ध बोलणारे सर तेव्हा हमखास गावच्या बोलीवर येत. "अजून पीठ मळून झालं नाय, आनि तू भाकरी थापायला बसलास?"

एका गणपतीत त्यांनी आख्खी बॅच घरी जेवायला नेली. खाडीजवळ बैठं घर, पुढे सारवलेली ओटी. मी बोलण्याच्या नादात सँडलसकट वर चढले. सरांच्या आईने दारातूनच मला अडवलं. "चपला खाली काढ गो पोरी, आताच सारवलंय." मी ओशाळले, तर म्हातारीने जेवताना सगळ्यात मोठा मोदक माझ्याच पानात वाढला.

पुढे गाव विमानतळाच्या जागेत गेलं. सर आईला घेऊन करंजाड्याला राहायला आले. त्याच आठवड्यात आमची उजळणी होती. सरांनी नेहमीचा पत्ता बफरमध्ये जोडला, त्याची स्ट्रिंग काढली, आणि मग बफरमधलं भेंडाळे खोडून तिथे करंजाडे घातलं. आता आधी काढलेली स्ट्रिंग छापली तर काय येईल, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळे छातीठोकपणे म्हणालो, करंजाडे. सरांनी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर भेंडाळे आलं.

आमची फजिती झाली की सर एरवी खूश व्हायचे. त्या दिवशी ते पडद्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "आई रोज सांजच्याला म्हनते, चल, आता घरी जाऊ. तिची स्ट्रिंग कवाच निघालीय. मी इकडे कायपन बदललं तरी तिच्यात बदल होत नाय." मग त्यांनी फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला.

आई वर्षभरात गेली. शेवटपर्यंत तिने करंजाड्याला घर म्हटलं नाही. मी नोकरीसाठी बंगळुरूला गेले, पण सुट्टीत सरांकडे चक्कर व्हायचीच. शेवटच्या भेटीत ते फार खंगले होते. विमानतळ होत आला होता. मी म्हटलं, आता थेट पनवेललाच उतरता येईल. सर म्हणाले, "पनवेलला कशाला? माज्या ओटीवरच उतरशील बघ."

पहिलं विमान उडायच्या आधीच सर गेले. मला त्यांची फार आठवण येते. कोडमध्ये कुठेही टूस्ट्रिंग लिहिताना बोट क्षणभर थांबतं, आणि कुणीतरी मागून पीठ मळून झालं का विचारील असं वाटतं.

परवा मी पहिल्यांदाच त्या विमानतळावर उतरले. खिडकीतून खाडी दिसली, पण ओळखीचं म्हणून दुसरं काहीच दिसलं नाही. शेजारच्या बाई माझ्या पायांकडे जरा चमकून बघत होत्या. विमान जमिनीला टेकण्याआधीच मी सँडल काढून बाजूला ठेवल्या होत्या.