सकाळचे उंदीर, दुपारचे उंदीर

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. माझी शुगर, माझा चिडका स्वभाव, सगळं तिला ठाऊक आहे — हे नाही. धीर आला म्हणून सांगतोय असं समजू नका. लपवून लपवून थकलो, इतकंच.

इंदूरच्या एका कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवतो आणि वीसेक वर्षं हिस्टामिनवर काम करतो. म्हणजे काय? सर्दीची गोळी घेतली की झोप येते ना — कारण ती मेंदूतल्या हिस्टामिनलाही अडवते, आणि मेंदूला जागं ठेवणाऱ्यांत ते एक आहे. त्या हिस्टामिनला लगाम घालणारा एक रिसेप्टर मेंदूत असतो. तोच बंद केला तर जनावर जास्त सावध होतं का? जास्त लक्षात ठेवतं का? माझा सगळा जन्म या प्रश्नात गेला.

प्रयोग साधा होता. खोक्यात एक ओळखीची वाटी, एक नवं झाकण, आणि पांढरा उंदीर झाकण किती वेळ हुंगतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं; वाटी लक्षात असेल तर तो नव्या झाकणापाशीच जास्त थांबतो. औषध दिलेले उंदीर झाकणापाशी रेंगाळले. बिनऔषधाचे कोपऱ्यात बसून राहिले. पेपर छापून आला, बढती मिळाली, लोक मला मानायला लागले.

मग सुजाता पीएचडीला आली. महूची, आजोबा फौजेत होते, आणि घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. रोज बसने यायची. तिचा सगळा थिसिस माझ्या त्या निष्कर्षावर उभा राहणार होता. तिने तोच प्रयोग केला — फरक नाही. पुन्हा केला — नाही.

"सर, मी दोन्ही ग्रुप एकाच टाइमला घेतले, अदलून-बदलून," ती म्हणाली. "गलती कहाँ हो रही है, कळतच नाही."

ती गेल्यावर मी जुनी वही काढली. औषधाचे उंदीर सगळे सकाळी. बिनऔषधाचे सगळे जेवणानंतर. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं — एक गट संपवायचा, डबा खायचा, मग दुसरा. रात्रभर जागलेला उंदीर सकाळी अजून थोडा हुशार असतो आणि दुपारी गाढ झोपतो, हे कुणाला ठाऊक नाही? दुपारी ते बिचारे पेंगत होते. मी औषधाचा गुण मोजलाच नव्हता, आणि जागेपणाचा अभ्यास करणारा माणूस मी!

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पण पुढचं — पुढचं मी जाणूनबुजून केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो, "प्रॉब्लेम तुझ्या हातात आहे. तू धरलंस की जनावर बुजतं."

ती भांडली असती तर? भांडली नाही. हाताचा साबण बदलला. तळव्यावर दाणे ठेवून तासन्‌तास पिंजऱ्यांपाशी बसायला लागली. मी दाराच्या काचेतून बघायचो — उंदीर तिच्या बाहीत शिरून झोपायचे. डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा तिने सरांचा शब्द खरा मानला. वर्षभराने तिने थिसिस सोडला. अर्जावर मी सही केली, वाईट वाटल्याचा चेहरा करून. खरं सांगू? हायसं वाटलं होतं. वही मी घरी आणून फाडली.

गेल्या महिन्यात ती विजय नगरला एका मॉलबाहेर भेटली. आता कुठल्याशा ऑफिसात असते. तिने वाकून नमस्कार केला, मला लाज वाटली. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी होती. कुणीतरी कुत्र्याचं पिल्लू घेऊन उभं होतं आणि तिला तसंच एक घरी हवं होतं.

"नको बेटा," सुजाता म्हणाली. "मम्माच्या हाताला जनावरं बुजतात. सर को पता है."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सुजातानेही. आजूबाजूला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं.

"हो," मी म्हणालो, "असतं काही जणांचं."

मुलीने पिल्लाकडे पुढे केलेला हात मागे घेतला, आणि आपले दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून बघितले.